शुक्राणूंची संख्या, 'कमजोर मूत्रपिंड' आणि चिनी काढा: एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: "माझे वय ३५, पत्नीचे ३२. मूल व्हावे म्हणून दोन वर्षे प्रयत्न चालू आहेत. मी मूळचा सांगलीचा, पण नोकरीनिमित्त तीन वर्षे शांघायला राहतो. वीर्यतपासणीत शुक्राणूंची संख्या मिलिलिटरला ९० लाख आली आणि पुढे सरकणारे शुक्राणू १८ टक्के निघाले. सहकाऱ्याने मला चिनी वैद्यांकडे नेले. त्यांनी नाडी व जीभ पाहून 'मूत्रपिंड कमजोर आहे' असे निदान केले आणि तीन महिन्यांचा काढा दिला. त्यातला दीड महिना झाला. आईने हे ऐकल्यापासून ती घाबरली आहे आणि क्रिएटिनिन ही मूत्रपिंडाची रक्तचाचणी करून घे म्हणून रोज फोन करते. या काढ्यांनी शुक्राणू खरोखर वाढतात का? काढा पुढे चालू ठेवू का?"

आधी मूत्रपिंडाचे पाहू, कारण घरातली धास्ती तिथूनच सुरू झाली आहे. चिनी वैद्यकात 'शेन' हा जो शब्द आहे त्याचे भाषांतर सर्वत्र मूत्रपिंड असे होत आले आहे, पण त्या परंपरेतले शेन म्हणजे लघवी गाळणारा अवयव एवढेच नव्हे. वाढ, हाडे, दात, केस, ऐकण्याची शक्ती आणि प्रजनन या साऱ्यांचा कारभार पाहणारी ती एक संकल्पना आहे. 'शेन जिंग साठवते' हे त्या वैद्यकातले मूलभूत सूत्र असून, जिंग म्हणजे देहाचे सार. 'हुआंगदी नेइजिंग' या दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात पुरुषाचे आयुष्य आठ-आठ वर्षांच्या टप्प्यांत मांडले आहे: सोळाव्या वर्षी शेनची शक्ती भरून येते आणि तो बाप होऊ शकतो, चाळिशीत ती ओसरू लागते, केस गळतात, दात निस्तेज होतात. आपल्याकडच्या शुक्र धातूच्या कल्पनेशी हे इतके मिळतेजुळते आहे की सांगलीच्या एखाद्या वैद्यांनी 'धातुक्षय आहे' म्हटले असते तर आपल्या मातोश्रींना त्याचा अर्थ चटकन उमगला असता आणि त्या घाबरल्याही नसत्या. घोटाळा भाषांतराचा आहे. त्या चिनी वैद्यांनी आपल्या क्रिएटिनिनविषयी काहीही म्हटलेले नाही.

शरीररचनेच्या बाजूने पाहिले तर वृषण आणि मूत्रपिंड यांचे नाते मात्र खरोखरच आहे, आणि ते तपासणीत उपयोगी पडते म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. गर्भात दोघांची जडणघडण पाठीच्या कण्यालगत, शेजारीशेजारी होते. भ्रूणाचे जे तात्पुरते मूत्रपिंड असते, त्याची नळी मुलग्याच्या शरीरात वाया जात नाही; तिचेच पुढे अधिवृषण (वृषणाला लागून असलेली गुंडाळलेली नळी) आणि शुक्रवाहिनी (शुक्राणू पुढे नेणारी नळी) होतात. म्हणूनच ज्या पुरुषाला जन्मतः एका बाजूची शुक्रवाहिनी नसते, त्याची सोनोग्राफी केल्यावर त्याच बाजूचे मूत्रपिंडही नसल्याचे अनेकदा आढळते. नंतर वृषण खाली वृषणकोशात उतरतात, पण त्यांच्या रक्तवाहिन्या मूळच्या जागेहूनच येतात. उजव्या वृषणाची शीर पोटातल्या मुख्य शिरेला तिरकी मिळते, तर डाव्या वृषणाची शीर डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला जवळजवळ काटकोनात जाऊन मिळते. हा काटकोन पुढे पुन्हा येणार आहे. मात्र एवढ्यावरून प्राचीन वैद्यांना भ्रूणशास्त्र ठाऊक होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह टाळावा. असे निष्कर्ष आपल्याकडेही हौसेने काढले जातात, आणि त्यातून एकाही रुग्णाचे निदान आजवर सोपे झालेले नाही.

आता आपला अहवाल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या नियमावलीत शुक्राणूंची खालची मर्यादा मिलिलिटरला १ कोटी ६० लाख, एका वेळच्या संपूर्ण वीर्यात ३ कोटी ९० लाख, पुढे सरकणारे शुक्राणू ३० टक्के आणि नेटक्या आकाराचे ४ टक्के अशी दिली आहे. ही मर्यादा ठरली कशी, हे समजून घ्यावे. ज्या पुरुषांच्या जोडीदार वर्षभराच्या आत गरोदर राहिल्या अशांचेच वीर्य तपासले गेले आणि त्यांतल्या सर्वांत खालच्या पाच टक्क्यांवर रेघ ओढली गेली. म्हणजे या रेघेखालीही बाप झालेले पुरुष आहेत आणि रेघेवर असूनही वर्षानुवर्षे वाट पाहणारे आहेत. आपले ९० लाख हे कमीच आहेत, पण शून्य आणि ९० लाख यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. शुक्राणू बाहेर येत आहेत त्या अर्थी निदान एका बाजूचा मार्ग मोकळा आहे. वीर्याचा घट्टपणा किंवा रंग पाहून काही ठरवू नका. वीर्याचा बहुतेक भाग शुक्राशय आणि पौरुषग्रंथी (प्रोस्टेट) यांच्या स्रावांचा असतो, शुक्राणूंचा वाटा त्यात जेमतेम दोन ते पाच टक्के. नसबंदी झालेल्या माणसाला स्वतःच्या वीर्यात काही फरक दिसत नाही, तो याच कारणाने.

एकाच तपासणीवर भरवसा मात्र ठेवता येत नाही. वृषणातल्या शेकडो मीटर लांबीच्या सूक्ष्म नलिकांत एक शुक्राणू मूळ पेशीपासून तयार व्हायला सुमारे ६४ दिवस लागतात, आणि पुढे अधिवृषणाच्या सहा मीटर लांबीच्या गुंडाळलेल्या नळीतून तो आणखी काही दिवसांनी बाहेर पोचतो. आज नमुन्यात दिसणारे शुक्राणू हे अडीच महिन्यांपूर्वी घडायला लागलेले असतात. त्या काळात डेंग्यूचा किंवा कसलाही जोराचा ताप येऊन गेला असेल तर संख्या खाली येते आणि पुढच्या तिमाहीत आपोआप वर जाते. अशा वेळी मधल्या काळात जे काही घेतले असेल त्याला श्रेय मिळते, मग तो चिनी काढा असो, अश्वगंधा असो की मी लिहून दिलेली गोळी. तीन महिन्यांच्या काढ्याचा हिशेब शुक्राणूंच्या या कालचक्राशी बरोबर जुळतो, हे खरे. पण नुसते थांबून राहण्याचाही हिशेब त्याच्याशी तितकाच जुळतो. दोन ते सात दिवसांचा संयम पाळून, एकाच प्रयोगशाळेत, काही आठवड्यांच्या अंतराने दोन नमुने दिल्याखेरीज मी कोणाच्याही संख्येवर मत देत नाही.

काढ्याने शुक्राणू वाढतात का, या मूळ प्रश्नाचे उत्तर असे की तसे खात्रीने सांगता येईल असा पुरावा आज नाही. आपल्या काढ्यात काय आहे ते आपण लिहिलेले नाही, पण या तक्रारीवर चीनमध्ये सर्वांत प्रचलित असलेले जुने मिश्रण म्हणजे 'वुझि यान्झोंग', अर्थात वंश पुढे नेणारी पाच बीजे. चिनी भाषेत 'झि' म्हणजे बीही आणि अपत्यही, त्यामुळे या नावातच आशा आहे. ती पाच बीजे आपल्याला अगदीच परकी नाहीत. गोजी बेरी हल्ली पुण्यातल्या सुक्या मेव्याच्या दुकानातही मिळते. दुसरे बी आपल्या कुंपणावर पिवळ्या दोऱ्यांसारख्या पसरणाऱ्या अमरवेलीच्या जातकुळीतले, तिसरे फळ रानटी रासबेरीचे, चौथे बी इसबगोलाच्या भावंडाचे. पाचवे 'वुवेइझि', म्हणजे पाच चवींचे फळ. ते यकृतातल्या औषध पचवणाऱ्या यंत्रणेत ढवळाढवळ करते, त्यामुळे मूत्रपिंड-प्रत्यारोपणानंतरच्या काही औषधांची रक्तातली पातळी वाढते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत या मिश्रणाचे चांगले परिणाम पुष्कळ छापून आले आहेत. माणसांवरचे अभ्यासही आहेत, पण ते बहुतेक लहान आहेत. कोणाला खरे औषध आणि कोणाला नकली हे लपवण्याची काळजी त्यांत नीट घेतलेली नसते आणि मोजमाप शुक्राणूंच्या संख्येवर थांबते, मूल झाले की नाही इथपर्यंत जातच नाही.

यात एक जुनी गोम आहे. १९९८मध्ये काही ब्रिटिश संशोधकांनी वेगवेगळ्या देशांतून छापून आलेल्या ॲक्युपंक्चरच्या चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा चीनमधून आलेली प्रत्येक चाचणी यशस्वी निघाली. एकही अपयशी चाचणी नाही, याचा अर्थ उपचार अचूक आहे असा होत नाही. अपयश छापले जात नाही असा होतो. मात्र चित्र बदलत आहे आणि ते चिनी संशोधकच बदलत आहेत, हेही नोंदवले पाहिजे. पीसीओएस (बीजकोशांचा, पाळी अनियमित करणारा विकार) असलेल्या १,००० स्त्रियांवर चीनमधल्या २१ केंद्रांत त्यांनी ॲक्युपंक्चरची काटेकोर चाचणी घेतली आणि २०१७मध्ये निकाल जाहीर केला. खऱ्या सुयांनी बाळे जन्मण्याचे प्रमाण नकली सुयांपेक्षा वाढले नव्हते. स्वतःच्या परंपरेच्या विरोधात जाणारा निकाल लपवला नाही, याबद्दल मला त्या मंडळींविषयी आदर वाटतो. पुरुषांच्या बाबतीत इतक्या दर्जाची चाचणी चिनी काढ्यांची अजून माझ्या पाहण्यात नाही.

हा नियम आम्ही आधुनिक औषधे देणारेही स्वतःला लावतो, किंबहुना लावायला हवा. जस्त आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या वर्षानुवर्षे शुक्राणूंसाठी लिहिल्या गेल्या, मीही लिहिल्या. २०२०मध्ये अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर त्यांची मोठी चाचणी झाली. गोळ्या घेणाऱ्यांत ३४ टक्के जोडप्यांना मूल झाले, नकली गोळ्या घेणाऱ्यांत ३५ टक्के. उलट गोळ्या घेणाऱ्यांना पोटाचा त्रास जास्त झाला. त्या दिवसापासून मी सरसकट जस्त लिहिणे बंद केले.

इथवर वाचून आपल्याला वाटेल की चिनी वनस्पतींचा वृषणावर काही परिणामच होत नाही. तसे मुळीच नाही. उलट, चीनमधल्या संशोधनातून पुरुषाच्या प्रजननाविषयी जे सर्वांत ठाम ज्ञान मिळाले ते शुक्राणू वाढण्याचे नसून घटण्याचे आहे, आणि काढ्याचे पाकीट फोडण्याआधी प्रत्येकाने हे माहीत करून घ्यावे.

पहिली गोष्ट सरकीची. चीनमधल्या काही कापूसपट्ट्यांतल्या खेड्यांत सरकी न तापवता गाळलेले कच्चे तेल रोजच्या स्वयंपाकात आले, आणि पुढे त्या घरांत पाळणे हलेनासे झाले. बायकांची पाळी बंद होई, माणसांना थकवा येई, अंगाची आग होई; पण सगळ्यांत विचित्र म्हणजे नवी लग्ने होऊनही मुले होत नसत. १९५७मध्ये एका चिनी वैद्यकीय नियतकालिकात या तेलाकडे बोट दाखवणारा लेख आला. तपासात दोषी निघाला तो गॉसिपॉल, कपाशीच्या झाडातल्या बारीक ग्रंथींत असणारे पिवळे द्रव्य, जे झाड किडीपासून स्वतःला वाचवायला तयार करते. हे द्रव्य शुक्राणू घडवणाऱ्या नलिकांवर आघात करते, पण पुरुषी संप्रेरकाची पातळी फारशी खाली आणत नाही, म्हणजे इच्छा आणि ताकद राहते, शुक्राणू तेवढे जातात. लोकसंख्येच्या चिंतेत असलेल्या त्या काळच्या चीनला यात पुरुषांची गर्भनिरोधक गोळी दिसली. १९७२पासून पुढे ८,०००हून अधिक पुरुषांना ही गोळी देण्यात आली, सुरुवातीला रोज २० मिलिग्रॅम आणि शुक्राणू संपल्यावर कमी मात्रा, आणि ती सुमारे ९९ टक्के जणांत लागू पडली.

अडचणी नंतर उघड झाल्या. शंभरात एकाहून कमी, पण काही पुरुषांच्या रक्तातले पोटॅशियम इतके उतरले की सकाळी पलंगावरून पाय उचलेनात. त्याहून गंभीर म्हणजे गोळी थांबवल्यावर दहांतल्या निदान एकाचे शुक्राणू परत आलेच नाहीत, आणि जितका काळ गोळी घेतली तितका हा धोका मोठा. जो मनुष्य दोन वर्षे मूल नको म्हणून गोळी घेत होता, त्याचे वंध्यत्व कायमचे झाले. चीनमधल्या चाचण्या थांबल्या आणि १९९८मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या गटाने या संशोधनाचा नाद सोडावा अशी शिफारस केली.

विदर्भ-खानदेशातले वाचक इथे दचकतील, म्हणून सांगून ठेवतो. सरकीचे जे रिफाइंड तेल बाजारात मिळते त्यातले गॉसिपॉल शुद्धीकरणात निघून जाते, त्याची भीती नको. गाई-म्हशींना सरकीची पेंड चालते, कारण त्यांच्या पहिल्या पोटात हे द्रव्य बांधले जाऊन निरुपद्रवी होते. तरी अति पेंड खाणाऱ्या वळूच्या वीर्यात दोष आढळल्याचे पशुवैद्य सांगतात. माझ्याकडे अकोल्याकडचे एक शेतकरी आले होते. त्यांनी ही गोष्ट ऐकून शांतपणे विचारले, "मग डॉक्टर, मी खाल्ली नाही, पण माझ्या वळूला कमी करू का?" मी त्यांना पशुवैद्यांकडे पाठवले.

दुसरी गोष्ट आपल्याला अधिक लागू आहे. 'लेइ-गोंग-थेंग', म्हणजे मेघगर्जनेच्या देवाची वेल, ही दक्षिण चीनमधली वनस्पती तिथे आमवातावर, काही त्वचारोगांवर आणि मूत्रपिंडाच्या दाहावर आजही वापरली जाते. सांध्यांच्या सुजेवर तिचा गुण चांगल्या चाचण्यांतही दिसला आहे. पण १९८०च्या दशकात चिनी डॉक्टरांच्या लक्षात आले की ती घेणाऱ्या पुरुषांचे शुक्राणू मंदावतात आणि घटतात. हा परिणाम देणाऱ्या घटकांपैकी ट्रिप्टोनाइड नावाच्या एका घटकावर २०२१मध्ये उंदीर आणि माकडांवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. काही आठवड्यांत शुक्राणूंची डोकी मागे वळून शेपटीत अडकली, त्यांना पुढे सरकता येईना, आणि औषध थांबवल्यावर चार ते सहा आठवड्यांत प्राणी पूर्ववत झाले. गॉसिपॉलपेक्षा ही बातमी बरी आहे. पण हा घटक गर्भनिरोधक म्हणून माणसांत अजून वापरात नाही. या वेलीची मुळाची साल आणि पाने विषारी आहेत आणि तिच्या मात्रेत चूक झाल्यास यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही जातात.

तेव्हा आपण शांघायमध्ये गेल्या सहा महिन्यांत गुडघा, पाठ, सोरायसिस, कशासाठीही चिनी औषध घेतले असेल तर त्या चिठ्ठीत हे नाव आहे का, ते पाहा. तिथली रुग्णालये काढा उकळून तपकिरी प्लास्टिकच्या सीलबंद पुड्यांत देतात, आणि सोबतच्या चिठ्ठीवर प्रत्येक घटकाचे नाव व ग्रॅम छापलेले असतात. ती चिठ्ठी फेकू नका. मोबाइलवर भाषांतर करून प्रत्येक नावाची यादी करा. पुड्या चिठ्ठीशिवाय मिळाल्या असतील, तर माझे मत स्पष्ट आहे की त्या पिऊ नयेत.

हे मी भीती घालण्यासाठी लिहीत नाही. १९९०च्या दशकात बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या एका चिनी मिश्रणात 'हान-फांग-जी' या वनस्पतीऐवजी नावात साधर्म्य असलेली 'ग्वांग-फांग-जी' आली. नावातल्या एका अक्षराच्या फरकाने शंभराच्या आसपास स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. दोषी ॲरिस्टोलोकिक आम्ल होते, जे आपल्याकडच्या ईश्वरी या वनस्पतीतही असते. सिंगापूरमध्ये २००८ साली पुरुषी शक्तीच्या म्हणून विकल्या गेलेल्या बेकायदा गोळ्यांत मधुमेहाचे औषध मिसळलेले निघाले. मधुमेह नसलेले सुमारे १५० जण रक्तातली साखर उतरून रुग्णालयात दाखल झाले, चौघे दगावले. अशा गोळ्यांत सिल्डेनाफिल (व्हायग्रातले औषध) मिसळलेले सापडणे तर नित्याचेच. हे काढ्यांपेक्षा 'ताकदीच्या' तयार गोळ्यांना जास्त लागू पडते, म्हणून आपल्या सहकाऱ्याने सोबत एखादी अशी डबी दिली असेल तर ती आजच बाजूला ठेवा. आणि कोणी टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन सुचवले तर ठाम नकार द्या. बाहेरून संप्रेरक मिळाले की मेंदू वृषणांना हुकूम देणे बंद करतो आणि शुक्राणू शून्यावर येतात. चीनमध्ये एक हजाराहून अधिक पुरुषांवर याच तत्त्वावर दरमहा इंजेक्शनची गर्भनिरोधक चाचणी झाली आणि ती यशस्वीही झाली. जिममध्ये जाऊन शुक्राणू घालवलेले तरुण माझ्याकडे महिन्याला दोन-तीन तरी येतात.

आता आपल्या तपासणीकडे वळू, कारण माझ्या मते काढ्याचा निर्णय हा दुय्यम आहे. आपल्या पत्रात नाडी आहे, जीभ आहे, वीर्य आहे. आपल्या वृषणांना कोणीही हात लावल्याचा उल्लेख नाही. हे चिनी वैद्यांबाबतच घडते असे नाही. मुंबई-पुण्यातही अहवाल पाहूनच गोळ्या लिहिल्या जातात आणि वर्ष-दोन वर्षे निघून जातात.

ही तपासणी कशी करावी, याचे उत्तम धडे गंमत म्हणजे चीनमधूनच आलेले आहेत. आपण ज्याला बिनटाका नसबंदी म्हणतो ती पद्धत १९७४मध्ये सिचुआनचे डॉक्टर ली शुनछ्यांग यांनी बसवली. तिचा सारा डोलारा तीन बोटांवर उभा आहे. मधले बोट वृषणकोशाच्या मागून, अंगठा व तर्जनी पुढून, आणि त्यांच्या मध्ये शुक्रवाहिनी पकडायची. ती दोन-तीन मिलिमीटर जाडीची असते आणि शिरा, चरबी या मऊ पदार्थांतून बोटांखाली विजेच्या बारीक वायरीसारखी टणक लागते, निसटते, पुन्हा सापडते. एकदा बोटांना ती ओळख पटली की पुढे कातडीला एवढेसे छिद्र पाडून काम होते आणि टाका लागत नाही. भारतात ही पद्धत १९९०च्या दशकात रुजली. मी ती नसबंदीसाठी शिकलो, पण तिचा जास्त उपयोग मला वंध्यत्वाच्या रुग्णांत झाला. शुक्राणू शून्य असलेल्या पुरुषात बोटांना ती वायर दोन्ही बाजूंना लागलीच नाही, तर निदान अर्ध्या मिनिटात होते: शुक्रवाहिनी जन्मतःच नाहीत, वृषणात शुक्राणू बहुधा आहेत, ते तिथूनच काढून टेस्ट ट्यूब बेबीसाठी वापरता येतील. जगातला कोणताही काढा ही नळी निर्माण करू शकत नाही.

आपल्या बाबतीत मला वेगळाच संशय आहे, आणि तो त्या काटकोनातून येतो. डाव्या शिरेतले रक्त वर चढताना जास्त अडते, तिच्या झडपा दाद देत नाहीत, आणि वृषणाभोवतीच्या शिरा फुगतात. याला व्हेरिकोसील म्हणतात. सामान्य पुरुषांत सुमारे १५ टक्के आणि वंध्यत्वासाठी येणाऱ्यांत ३५ ते ४० टक्के जणांत हे आढळते. वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश थंडावा लागतो. साचलेले कोमट रक्त तो थंडावा घालवते. तपासणी उभे राहूनच करावी लागते, झोपलेल्या रुग्णात हे हमखास सुटते. मी रुग्णाला गरम खोलीत दोन मिनिटे उभे करतो आणि श्वास रोखून कुंथायला सांगतो. मोठे व्हेरिकोसील असेल तर वृषणाच्या वर शिजलेल्या शेवयांचा गुंता हाताला लागावा तसे लागते, आणि झोपल्यावर ते विरघळल्यासारखे जाते. फक्त उजव्या बाजूला असेल, अचानक आले असेल किंवा झोपूनही जात नसेल, तर पोटाची सोनोग्राफी करावी, कारण क्वचित मूत्रपिंडाची गाठ शिरेला अडवत असते. त्याच वेळी वृषणांचा आकार मोजमापाच्या लहानमोठ्या मण्यांच्या माळेशी ताडून पाहावा; १५ मिलिलिटरहून लहान वृषण म्हणजे कारखान्याचीच क्षमता कमी. संध्याकाळी डाव्या बाजूला जडपणा, ओढ जाणवते का, हे आपण लिहिलेले नाही. जाणवत असेल तर ही तपासणी लांबवू नका.

हाताला लागणारे व्हेरिकोसील आणि सदोष अहवाल एकत्र असले तर सूक्ष्मदर्शकाखाली फुगलेल्या शिरा बांधण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार होतो. पुष्कळांचा अहवाल तीन ते सहा महिन्यांत सुधारतो, सगळ्यांचा नाही. केवळ सोनोग्राफीत दिसणारे, हाताला न लागणारे व्हेरिकोसील कापू नये. कोणी सुचवले तर दुसरे मत घ्या. एफएसएच (वृषणांना शुक्राणू घडवायला सांगणारे संप्रेरक) आणि सकाळचे टेस्टोस्टेरॉन एवढ्या दोन रक्तचाचण्या करून घ्या. शुक्राणू ५० लाखांहून कमी असते तर गुणसूत्रांच्या चाचण्याही सांगितल्या असत्या, आपल्याला आज त्यांची गरज नाही. पत्नीची तपासणी समांतर चालू असावी. त्या ३२ वर्षांच्या आहेत, घाई नाही, पण आपले काढे संपेपर्यंत त्यांनी थांबून राहावे असेही नाही. ॲक्युपंक्चरने मनाला बरे वाटत असेल तर सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरायच्या आहेत एवढे पाहा, त्याला माझी हरकत नाही.

उरलेल्या दीड महिन्याच्या काढ्याचे असे करा. घटकांची यादी होईपर्यंत तो थांबवा. यादीत लेइ-गोंग-थेंग किंवा कोणतेही 'फांग-जी' निघाले, तर तो कायमचा बंद. वुझि यान्झोंगसारखे साधे मिश्रण असेल आणि आपल्याला ते पूर्ण करायचेच असेल, तर मी अडवणार नाही. मात्र त्याच्या भरवशावर तपासणी पुढे ढकलू नका, काढा सुरू करण्यापूर्वीचा अहवाल जपून ठेवा आणि संपल्यावर त्याच प्रयोगशाळेत पुन्हा नमुना द्या. संख्या वाढली तर ती काढ्याने वाढली की काळाने, हे आपल्याला आणि मला दोघांनाही कळणार नाही.

आणि मातोश्रींना सांगा की क्रिएटिनिनची चाचणी करून घेतो. मूत्रपिंड कमजोर आहे म्हणून नव्हे, तर दीड महिना नेमके काय प्यायलो ते माहीत नाही म्हणून. सोबत यकृताची चाचणीही त्याच नमुन्यात होऊन जाईल.